नॉरफोकच्या किनाऱ्यावरचा ऑक्टोबर

पहिला दिवस : केंब्रिज ते हन्स्टंटन

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक हा परगणा उत्तर समुद्रात पुढे घुसलेला आहे, आणि त्यामुळेच ऑक्टोबरात तेथे दोन निरनिराळ्या प्रकारचे पक्षी एकाच वेळी पाहायला मिळतात. पहिले, आर्क्टिकच्या बाजूने ठरल्या वेळी ठरलेल्या चिखलावर हजारोंच्या संख्येने उतरणारे. आणि दुसरे, पूर्वेकडून निघून वाऱ्यामुळे किंवा दिशेच्या गोंधळामुळे भलतीकडे येऊन पडलेले एकटेदुकटे. पहिल्यांसाठी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते, दुसऱ्यांसाठी हवामानाचा नकाशा. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात आली होती, आणि अमावास्येच्या मागेपुढे समुद्राला उधाण असते हे कोकणात सुट्ट्या घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून भाच्याच्या केंब्रिजच्या घरी लक्ष्मीपूजन करून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे निघालो. भाच्याला पक्ष्यांत मुळीच रस नाही, पण गाडी चालवण्यात आहे. भाचेसुनेने चकल्या, चिवडा आणि शंकरपाळे भरलेला मोठा डबा बळेच हातात दिला, आणि पुढल्या दिवसांत त्या डब्याने आम्हाला अनेक ओळखी करून दिल्या.

ईली आणि किंग्ज लिनवरून हन्स्टंटनला पोहोचेपर्यंत दुपार झाली. पूर्व किनाऱ्यावर असूनही या गावाचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे येथे सूर्य समुद्रात मावळतो. खाली तांबूस वालुकाश्म, त्यावर लाल खडू, त्यावर पांढरा खडू अशा थरांचे कडे मावळतीच्या उन्हात पाहण्यासारखे असतात. त्या कड्यांत घरटी करणारे फुलमार हे समुद्रपक्षी मात्र त्या दिवसांत खुल्या समुद्रावर गेलेले होते. रात्री चिप्स आणि वाटलेल्या हिरव्या वाटाण्यांवर भरपूर व्हिनेगर घालून जेवलो. घरगुती निवासाच्या मालकीणबाईंनी पहाटे पाच वाजता निघणार म्हटल्यावर काही विचारले नाही. त्यांनी फक्त दोन उकडलेली अंडी आणि थर्मास दारापाशी ठेवला, यावरून असे पाहुणे त्यांना नवीन नसावेत.

दुसरा दिवस : स्नेटिशॅम आणि टिचवेल

'द वॉश' हे चार नद्यांच्या मुखांनी बनलेले उथळ आखात आहे. ओहोटीला तेथे मैलोनमैल चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलातल्या शिंपल्यांवर व किड्यांवर लांब पल्ल्याचे किनारपक्षी जगतात. एरवी हे पक्षी इतके दूर विखुरलेले असतात की दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसावेत. मात्र उधाणाच्या भरतीला सगळा चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना उडून किनाऱ्यामागच्या तळ्यांत आसरा घ्यावा लागतो. ही तळी दुसऱ्या महायुद्धात विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी खडी काढून झालेले खड्डे आहेत. आज ती आरएसपीबी, म्हणजे पक्षिरक्षणासाठी 1889 साली सुरू झालेल्या ब्रिटिश संस्थेच्या स्नेटिशॅम अभयारण्यात येतात.

गाडीतळापासून किनाऱ्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटरची अंधारातली चाल होती. पूर्वेला फटफटू लागले तेव्हा प्रथम आवाज आला. रात्रभर आखातात झोपलेले गुलाबी पायांचे हंस बोलू लागले होते, आणि थोड्याच वेळात त्यांच्या एकामागून एक वेड्यावाकड्या रांगा आमच्या डोक्यावरून जमिनीच्या दिशेने जाऊ लागल्या. आइसलंड आणि ग्रीनलंडमध्ये वीण करणारे हे हंस हिवाळ्याला ब्रिटनमध्ये येतात. नॉरफोकात त्यांचे मुख्य अन्न म्हणजे साखरेचे बीट काढून नेल्यावर शेतात राहिलेले पाचोळ्यासारखे शेंडे. उसाच्या मुलखातून आलेल्या माणसाला बीटची शेतेच आधी अपूर्वाईची वाटतात. येथील काही शेतकरी हे शेंडे लगेच नांगरून टाकत नाहीत, कारण हंसांना तेथे पोट भरता आले तर ती झुंड शेजारच्या कोवळ्या गव्हाकडे वळत नाही.

हंस गेले आणि पाणी चढू लागले. नॉट हा पक्षी वजनाने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, हिवाळ्यात करड्या रंगाचा, एकटा पाहिला तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही असा. चोचीच्या टोकातील सूक्ष्म संवेदनांमुळे त्याला चिखलाखालचा शिंपला न दिसताही सापडतो. तो शिंपला तो सबंध गिळतो आणि पोटातल्या स्नायूंनी फोडतो. भारतात नॉट क्वचितच नोंदला जातो, त्यामुळे एक दिसला तरी मी समाधानी झालो असतो. येथे पाण्याने चिखलाची शेवटची पट्टी गिळली तेव्हा हजारो नॉट एकदम उठले. सुपात पाखडलेले तांदूळ एका झटक्यात एका बाजूला यावेत तसा तो सबंध थवा वळला. पाठी आमच्याकडे होत्या तोवर करडा दिसत होता, पोटे वळताच पांढरा झाला. एक बहिरी ससाणा वरून आला तेव्हा थव्याचे दोन तुकडे झाले आणि पुन्हा जुळले. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला तेव्हा, रस नसलेला भाचा फोन खिशात ठेवून उभा होता.

"मामा, हे रोज होतं?" त्याने विचारले.

रोज होत नाही, हेच येथे जाणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे. भरती पुरेशी मोठी नसेल तर पक्षी चिखलावरच राहतात आणि माणूस थंडीत कुडकुडून परततो. योग्य भरतीच्या तारखा आरएसपीबी दरवर्षी जाहीर करते, त्या पाहूनच मुक्काम ठरवावा. भरतीच्या वेळेच्या निदान दीड तास आधी जागेवर असावे. पौर्णिमेलाही उधाण असते, पण चांदण्यात हंस रात्रीच चरायला निघून जातात आणि पहाटेची त्यांची उड्डाणे हुकण्याचा संभव असतो. दोन्ही पाहायचे असतील तर अमावास्या बरी. भरतीनंतर लगेच परतू नये. मागच्या तळ्यांकडे तोंड केलेल्या हाईडमध्ये, म्हणजे आडव्या फटींच्या लाकडी खोलीत, जाऊन बसावे. तेथे हे हजारो पक्षी बेटांवर इतके दाटीने उभे असतात की खालची खडी दिसत नाही, आणि दर काही मिनिटांनी कोणीतरी कोणाच्या तरी पायावर पाय देऊन भांडण उकरून काढतो.

दुपारी टिचवेलला गेलो. हे अभयारण्य चढत्या समुद्राशी तडजोड करून टिकवलेले आहे. गोड्या पाण्याचे तळे वाचवण्यासाठी त्याचा बांध भक्कम केला आणि बाहेरचा मचूळ पाण्याचा भाग समजूनउमजून समुद्राच्या स्वाधीन केला. बांधावरून किनाऱ्याकडे जाताना चक्रांग, तरंग, थापट्या अशी आपल्या उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात दिसणारी बदके अगदी जवळून दिसली. वर वळलेल्या चोचीचे अ‍ॅव्होसेटही होते. हा पक्षी ब्रिटनमधून वीण करणारा म्हणून नाहीसा झाला होता. महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून किनाऱ्यालगतच्या जमिनींत पाणी सोडले गेले, आणि त्या दलदलींत 1947 साली शेजारच्या सफोकमध्ये अ‍ॅव्होसेट पुन्हा घरटी करू लागले. आरएसपीबीच्या बोधचिन्हावर तोच पक्षी आहे.

हाईडमध्ये शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांना मी चिवडा दिला. तो तिखट लागल्यावरही त्यांनी तो संपवला आणि मग आपल्याला सॅमीची गोष्ट सांगितली. सॅमी हा शेकाट्या. लाल लांब पायांचा हा पक्षी भिगवणला आपण मोजतही नाही. टिचवेलला मात्र 1993 मध्ये एक आला आणि 2005 पर्यंत एकटाच राहिला. त्याच्यासाठी लोक देशभरातून येत असत. "तुमच्याकडे किती असतात?" असे त्यांनी विचारले. मी शेकड्यांत सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग डबा पुन्हा पुढे करायला त्यांनी हात केला.

तिसरा दिवस : वेल्स आणि होल्कमचे पाइनवन

रात्री वारा पूर्वेचा झाला होता आणि पहाटे भुरभुर पाऊस पडत होता. सहलीला आलेल्या इतर माणसांसाठी हा वाईट दिवस, पक्षी पाहणाऱ्यांसाठी उत्तम. स्कँडिनेव्हियावर हवेचा दाब जास्त असला की उत्तर समुद्रावर पूर्वेचे वारे वाहतात, रात्री निघालेले पक्षी त्यांच्याबरोबर पश्चिमेला ढकलले जातात, आणि पाऊस लागला की ते पहिल्या दिसलेल्या झाडीत उतरतात. वेल्स गावाजवळ एकोणिसाव्या शतकात वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यासाठी लावलेले पाइनचे रान हीच ती पहिली झाडी.

गाडीतळावर उतरलो तेव्हा वरून रेडविंग जातीच्या थ्रशांचे बारीक सुस्कारे ऐकू येत होते. झुडपांत गोल्डक्रेस्ट इतके दमलेले होते की माणसांच्या पायांपाशी किडे टिपत होते. पाच-सहा ग्रॅम वजनाचा हा जीव समुद्र ओलांडून येतो, यावर त्याला हाताच्या अंतरावर पाहूनही विश्वास बसणे कठीण. बर्चच्या शेंड्यांत पिवळ्या भुवईचा वटवट्या ओरडत होता. तो सैबेरियात वीण करतो आणि आग्नेय आशियात हिवाळा काढतो, पण हल्ली दर शरद ऋतूत थोडे तरी इंग्लंडच्या किनाऱ्यावर येतात.

खरी गर्दी पुढे होती. 'डेल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलगट जागेत तीसचाळीस माणसे चिखलात अर्धवर्तुळ करून उभी होती. कोणी बोलत नव्हते, सगळ्यांचे स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरच्या एकनळी दुर्बिणी, एकाच ओकच्या फांदीकडे. मी हलक्या आवाजात विचारले तेव्हा उत्तर मिळाले : लाल छातीचा माशीमार, या वर्षी जन्मलेला, सकाळी सात वाजता सापडला.

हा पक्षी पूर्व युरोपात वीण करतो आणि हिवाळा भारत-पाकिस्तानात घालवतो. पुण्याच्या टेकड्यांवर, सिंहगडाच्या वाटेवर, अगदी सोसायटीच्या आंब्यावरही थंडीभर तो शेपटी वर उडवत असतो. त्याची 'ट्रर्र' ऐकू आली की आम्ही वहीत खूण करतो आणि पुढे जातो. त्याने सरळ आग्नेयेला जायचे, तो पश्चिमेला आला. म्हणून येथे त्याच्यासाठी लोक पावसात उभे. मला गंमत वाटत होती, आणि ती थोडा वेळच टिकली. पक्षी फांदीच्या टोकाशी आला तेव्हा शेजारच्या बाई, पेशाने शिक्षिका, पुटपुटत वर्णन करू लागल्या : चोचीचा खालचा भाग फिकट आहे, शेपटीच्या वरची पिसे शेपटीइतकी काळी नाहीत, घसा मळकट पिवळसर आहे. त्या हे कशासाठी तपासत होत्या? टैगा माशीमार हा याचा पूर्वेकडचा भाऊ. ब्रिटनमध्ये त्याची पहिली नोंद 2003 साली यॉर्कशरच्या किनाऱ्यावर झाली, आणि पहिल्या हिवाळ्यातले हे दोन पक्षी सहज एकमेकांसारखे वाटतात. महाराष्ट्रात दोन्ही येतात, म्हणजे हा भेद आम्हाला रोज कामी येणारा. पण तेथे तो इतक्या बारकाईने पाहणारे थोडे, कारण पक्षी रोजचा आहे. त्या ओकखाली तासाभरात मी या पक्ष्याच्या शेपटीकडे जितके लक्ष दिले, तितके पुण्यात सबंध हिवाळ्यात देत नाही.

बाईंना मी पुण्याचा असे कळल्यावर त्यांनी वेगळाच प्रश्न काढला : ह्यूमचा वटवट्या तुमच्या बागेत येतो का? आमच्याकडे तो हिवाळी पाहुणा आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. काँग्रेसच्या स्थापनेसाठी आपल्याला ठाऊक असलेले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे सिमल्याला पक्ष्यांचा प्रचंड संग्रह बाळगून होते. त्यांची वर्षानुवर्षांची टिपणे नोकराने रद्दीत विकली, आणि 1885 मध्ये त्यांनी तो संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. हा वटवट्या नॉरफोकात दिसलाच तर बहुतेक नोव्हेंबरात, आणि पिवळ्या भुवईच्या वटवट्यापेक्षा तो आवाजावरूनच लवकर ओळखू येतो. बाईंनी मोबाइलमधला आवाज मला ऐकवला, पण कानाला लावून. जंगलात ध्वनिमुद्रण मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावणे येथे असभ्य समजले जाते आणि कोणी केलेच तर बाकीचे त्याला तोंडावर सांगतात.

दोन सूचना येथेच करून ठेवतो. गर्दीत नंतर आलेल्याने मागे उभे राहावे. पुढच्याला दिसले की तो आपणहून जागा देतो, आमच्या बाबतीत तर स्कोपही दिले. आणि वेल्सच्या वाळूवर फिरायला गेल्यास भरतीचा भोंगा ऐकू येताच परत फिरावे, कारण तेथे पाणी मागच्या खाडीतून येते आणि माणूस वाळूच्या बेटावर अडकतो.

संध्याकाळी गावात ब्रँकॅस्टरच्या शिंपल्या खाल्ल्या, कांदा आणि सायीच्या रश्शात शिजवलेल्या. तिसऱ्यांची सवय असलेल्या जिभेला तो रस्सा मवाळ लागला. त्यावर भाच्याने चकली कुस्करून टाकली आणि ते फार चांगले लागले.

चौथा दिवस : क्लाय

क्लाय गावची पवनचक्की, तिच्यापुढचे बोरूचे रान आणि पलीकडे गोट्यांचा समुद्रकिनारा हे दृश्य इंग्लंडच्या दिनदर्शिकांवर वारंवार असते. त्याहून महत्त्वाचे असे की ही दलदल 1926 साली डॉ. सिडनी लाँग यांच्या पुढाकाराने पक्ष्यांसाठी विकत घेतली गेली, आणि त्यातून नॉरफोकचा वन्यजीव न्यास उभा राहिला. परगण्यापरगण्यांतून आज असे जे न्यास आहेत, त्यांतला हा पहिला.

त्या दिवशी वारा इतका होता की दार उघडल्यावर हाईडमधले कागद उडाले. बोरूतल्या बियर्डेड टिट वाऱ्यात बाहेर येत नाहीत, म्हणून आम्ही वारा पडण्याची वाट पाहिली. साडेअकराच्या सुमारास नाणी खुळखुळल्यासारखा आवाज वाटेवरूनच आला. नर पायवाटेवर खडे टिपत होते. उन्हाळ्यात हे पक्षी किडे खातात, हिवाळ्यात बोरूच्या बिया. त्या पोटात दळण्यासाठी त्यांना शरदात खडी गिळावी लागते, आणि त्यामुळे एरवी लाजरे असलेले हे पक्षी या काही आठवड्यांत उघड्यावर सापडतात. मिशीसारखे काळे पट्टे, राखी डोके, दालचिनी रंगाची लांब शेपटी. या सहलीत मी काढलेली बरी छायाचित्रे एवढीच.

दुपारी गावातले सेंट मार्गारेटचे चर्च पाहिले. 2008 च्या जानेवारीत क्लायच्या एका घराच्या अंगणात पांढऱ्या डोक्याची अमेरिकन चिमणी आली. तिला पाहायला हजारो लोक लोटले, घरमालकांनी चर्चच्या दुरुस्तीसाठी डबा ठेवला आणि त्यात मोठी रक्कम जमली. चर्चच्या एका खिडकीच्या काचेत आज त्या चिमणीचे चित्र आहे. आमच्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी दिलेल्यांच्या नावांची फरशी बसवतात. येथे पक्ष्याचे नाव लागले, हा हिशेब मला पटला.

पाचवा दिवस : हिकलिंग ब्रॉड

किनारा सोडून आत वळलो. ब्रॉड्स ही नॉरफोकची उथळ तळी नैसर्गिक मानली जात होती. ती मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती, खणून झालेल्या खड्ड्यांत पाणी भरून बनली, हे 1950 च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट यांनी दाखवून दिले. स्नेटिशॅमप्रमाणेच येथेही माणसाने खणलेला खड्डा पक्ष्यांच्या उपयोगी पडला आहे.

दुपारी पाऊस होता, तो थर्मास आणि उरलेल्या शंकरपाळ्यांवर काढला. साडेचारला पाऊस थांबल्यावर स्टब मिल या जुन्या पवनचक्कीपाशी गेलो. हिवाळ्यात शिकारी पक्षी येथील बोरूत रात्रीच्या मुक्कामाला येतात. दलदलीवरचे भोवत्ये, म्हणजे मार्श हॅरिअर, एकेक करून चहूकडून तरंगत आले, काही वेळ घिरट्या घालून बोरूत बसले, पुन्हा उठले. 1971 मध्ये सबंध ब्रिटनमध्ये या पक्ष्याची वीण करणारी एकच जोडी शिल्लक होती. सूर्य गेल्यावर एक राखी नर हेन हॅरिअर जमिनीलगत आला. सोलापूरच्या माळरानावर संध्याकाळी भोवत्ये गवतात उतरताना पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचे दृश्य आहे. फक्त तेथे घाम पुसत पाहायचे, येथे हातमोजे घालून.

मग क्रौंच आले. ब्रिटनमधून ते काही शतके नाहीसे होते. 1979 साली याच भागात काही उतरले, राहिले आणि वीण करू लागले. आम्हाला दिसलेले कुटुंब लांब होते, पण त्यांचा आवाज आधी पोहोचला. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना क्रौंचांचे फारसे अप्रूप राहिलेले नव्हते. त्यांना कापशीबद्दल बोलायचे होते. 2023 च्या जुलैत ही लाल डोळ्यांची छोटी घार ब्रिटनमध्ये प्रथमच दिसली, आधी वेल्स या देशात (नॉरफोकातल्या वेल्स गावात नव्हे) आणि नंतर नॉरफोकात, आणि आजोबा तेव्हा रुग्णालयात होते. भाच्याने विचारपूस केली आणि मग माझ्याकडे वळून, "मामा, तुमच्याकडे सासवडच्या रस्त्यावरचा फोटो आहे ना तारेवरचा?" असे म्हणून मला फोन काढायला लावला. आजोबांनी तो फोटो मोठा करून, मागची वीजतार आणि ज्वारीचे शेत यांसह बारकाईने पाहिला, आणि पुण्याला उतरल्यावर हा रस्ता किती लांब आहे ते विचारले. मी जानेवारी सुचवला.

स्टब मिलला जाणाऱ्यांनी गाडी अभयारण्याच्या तळावर ठेवून चालत जावे, पावसाळी बूट घालावेत, आणि परतीची वाट पूर्ण अंधारात असते म्हणून टॉर्च न्यावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात. त्यानंतर जाणार असाल तर साडेतीनलाच तेथे उभे असणे बरे.